चोवीस एप्रिलची तारीख

६ जानेवारी, सोमवार

नाही, घाबरलो नाही. आधीच लिहून ठेवतो, म्हणजे कुणी विचारायला नको.

दम लागतो हे खरं. त्र्याहत्तराव्या वर्षी दम नाही लागणार तर काय दुधाचे दात येणार? पण आमची ही ऐकेल तर शपथ. नेलं आरोग्य केंद्रात. तिथल्या डॉक्टरने नळी छातीला लावली ती काढेचना. म्हणाला, "आवाज येतोय." म्हटलं, "चालू आहे म्हणून येतोय. बंद पडल्यावर येणार नाही." कुणी हसलं नाही. चिठ्ठी दिली, मोठ्या हॉस्पिटलात जा म्हणाला, हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा. ते मंगळवार-गुरुवार दोनच दिवस बसतात आणि अख्ख्या शहराची काळजं त्या दोन दिवसांत बसवायची असतात. मला तारीख मिळाली चोवीस एप्रिल. आज सहा जानेवारी. मोजा.

केंद्रातल्या सिस्टरने ही वही दिली. आत रकाने आखलेत : तारीख, वजन, दम, सूज, झोप. म्हणाली, "काका, रोज भरा. काही वाढतंय असं दिसलं तर वही घेऊन या. ती बघूनच तारीख अलीकडे ओढता येते, नुसत्या तोंडी सांगण्यावर नाही." रकाने एक बोट रुंद. माझं अक्षर मोठं. चौथीपर्यंत शिकलो ते पाटीवर, पाटीला रकाने नव्हते. मी आडवंच लिहिणार, आणि मला वाटेल ते लिहिणार.

ही म्हणाली, "काहीतरी लिहा बाई. नाहीतर मी लिहीन."

तिने लिहायला घेतलं की संपलंच. सातवी पास आहे, हे पन्नास वर्षं ऐकतोय.

९ जानेवारी, गुरुवार

वही उघडली तर मागची पानं फाटलेली. चार तरी असतील. फुकटचा माल असाच.

आज दुकान उशिरा उघडलं आणि हॉस्पिटलात जाऊन आलो. तारीख चुकून लांबची दिली असेल असं वाटलं होतं. दारातून आत गेलं की लांबलचक मोकळी जागा, त्याच्या टोकाला एक खिडकी, खिडकीत एक बाई. पन्नाशीची असेल. फोन डाव्या खांद्यात धरलेला, उजव्या हातात पेन्सिल. माझ्यापुढे अकरा माणसं होती.

नंबर आला तसं विचारलं, "बाई, एप्रिलपर्यंत कोण जगणार?"

मान वर न करता म्हणाली, "काका, एप्रिलपर्यंत जगायचंय म्हणूनच तारीख दिलीय."

मागचे हसले. दुकानात पोचल्यावर तीन उत्तरं सुचली, पण तोवर काय उपयोग.

एक मात्र सांगितलंन तिने. कुणी ऐनवेळी येत नसेल तर ती जागा रिकामी होते. ज्यांना फोन केल्यावर लगेच येता येतं त्यांची वेगळी यादी आहे. त्यात नाव घातलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

दुकान खाली, घर वर. मधे बावीस पायऱ्या. बूट दुरुस्त करायला बसलो त्या वर्षापासून त्याच पायऱ्या, पण हल्ली त्यांना काहीतरी झालंय. उंची वाढल्यासारखी वाटते. घरमालकाने फरशी बसवली तेव्हा मिस्त्रीने खाल्लं असणार काहीतरी.

अकराव्या पायरीवर शेजारणीची कुंडी आहे. तिथे थांबून जरा बघितलं. पानं चांगली आहेत.

ही वरून म्हणाली, "तुम्हाला कधीपासून झाडांची आवड?"

म्हटलं, "माणसाने बदलू नये का?"

काही बोलली नाही. ही काही बोलली नाही की मला संशय येतो.

२५ जानेवारी, शनिवार

माझे तपकिरी बूट घट्ट झाले. एकोणीस वर्षांपूर्वी स्वतः शिवलेत. तळ चार वेळा बदलला, वरचं कातडं अजून आरशासारखं. यंदा हवेत ओल जास्त आहे, त्याने आकसले असणार.

बूट सैल करायची रीत सोपी आहे. लाकडी पाय असतो, त्याला आम्ही फरमा म्हणतो. त्यावर कातड्याची पातळ पट्टी ठोकायची, म्हणजे तो तेवढा जाड होतो, मग बूट त्यावर चढवून रात्रभर ठेवायचा. एक पट्टी ठोकली. सकाळी पाय बरोबर आत गेला.

हिने विचारलं, "काय करताय?"

"बुटांचं काम. बुटांच्या दुकानात दुसरं काय करणार?"

३ फेब्रुवारी, सोमवार

आता दर सोमवारी दहा वाजता खिडकीवर जायचं ठरवलंय. समोर दिसत राहिलं की माणूस विसरत नाही. माझी गिऱ्हाइकंही हेच करतात आणि मी त्यांच्यावर डाफरतो, पण ते वेगळं.

बाकावर बसून तासभर त्या बाईचं काम बघितलं. खरं लिहायचं तर गेलो होतो भांडायला. पण चांगलं काम चाललेलं दिसलं की मला तिथून हलवत नाही, मग ते गवंड्याचं असो की कुणाचं. ती कुणालाही 'नाही' म्हणत नाही. 'आज नाही' म्हणते. बहिऱ्याला कागदावर लिहून दाखवते, आरडाओरडा करणाऱ्याशी आणखी हळू बोलते, मग त्यालाच आवाज खाली आणावा लागतो ऐकू यायला. एक गृहस्थ म्हणाले, माझी मोठ्या साहेबांशी ओळख आहे. ती म्हणाली, "मग त्यांना माझा नमस्कार सांगा. तुमची तारीख सहा मे." पेन्सिल अडखळलीसुद्धा नाही.

माझा नंबर आल्यावर वेगळंच विचारलंन. "काका, आज इथपर्यंत कसे आलात?"

"चालत," म्हटलं.

बसने आलो होतो. आणि बसथांब्यापासून दारापर्यंत दोनदा कठड्यावर टेकलो होतो. पण खिडकीत कशाला सांगायचं, मागे दहाजण कान लावून असतात. तिने माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी लिहिलंन.

१० फेब्रुवारी, सोमवार

बाकावर एक नग भेटला. कडक ऊन, आकाशात ढग नाही, आणि हे बगलेत छत्री घेऊन. नोव्हेंबरपासून वाट बघतायत. छत्रीवालेच म्हणतो मी त्यांना.

म्हणाले, "माझी तारीख आणि माझी तिरडी, दोघांत शर्यत लागलीय. सध्या तारीख थोडी मागे आहे."

म्हटलं, "तुम्ही कुणावर पैज लावलीत?"

"तारखेवर. हरलो तर वसूल करायला कोण येणार?"

तासभर हसलो. त्यांना हसताना थांबावं लागत होतं, ओठ निळे पडत होते. मलाही थांबावं लागत होतं, पण ते हसण्यामुळे.

ते म्हणतात, वाट बघणं ही नोकरी समजायची. वेळेवर यायचं, जागेवर बसायचं, वेळेवर घरी जायचं. मी म्हटलं, बिनपगारी. म्हणाले, "आणि बढती मिळाली की थेट वर."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तरीणबाई आली होती. सात वर्षांची होती तेव्हापासून तिचे बूट मी करतो. एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड, त्यामुळे एका बुटाचा तळ उंच करावा लागतो, आणि तो असा करावा लागतो की बघणाऱ्याला कळू नये. नवी शाळा मिळालीय तिला. अठ्ठावीस तारखेला पहिला दिवस, दिवसभर वर्गात उभं राहायचं. जुना जोड पार बसलाय.

"सत्तावीसला ने," म्हटलं.

"काका, नक्की ना?"

मी नुसतं बघितलं तिच्याकडे. दिलेला दिवस म्हणजे दिलेला दिवस. पन्नास वर्षांत दोनदाच चुकलो, आणि त्यातल्या एकदा सासरे वारले होते.

जाताना म्हणाली, नवे बूट चावणार नाहीत ना? तिला सांगितलं, "पोरी, कातडं घालून घालून सैल होतं. वापरलेला बूट कधी घट्ट होत नाही. आठ दिवस दम धर."

काम मात्र सावकाश होतंय. हातोडा जड लागतो. दांडा बदलला पाहिजे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुसरी पट्टी ठोकली. ओल अजून आहेच हवेत.

उशांचा कापूस बसलाय. एकीवर झोपायचो, आता तीन लागतात, नाहीतर पाण्यात बुडल्यासारखं वाटतं. हिला म्हटलं, कापूस पिंजून आण. म्हणाली, "कापूस ठीक आहे." बाईमाणसाला कापसातलं कळत नाही असं म्हणायची सोय नाही, शिवणकाम करते ती.

सोमवारी खिडकीवर गेलो तर बाईने फोनवर बोलता बोलताच मला हाताने बसा म्हटलं, तेही रांग सोडून पहिल्या बाकावर. मी उभाच राहिलो. थोडा वेळ. मग बसलो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी फोन आला. खिडकीवाली बाई. "काका, उद्या सकाळी साडेनऊची जागा रिकामी झालीय. येताय ना?"

उद्या सत्तावीस. मास्तरिणीच्या उजव्या बुटाचा तळ अजून चिकटवायचा होता, टाच घासायची होती, दिवसभराचं काम.

म्हटलं, "उद्या नाही जमणार. शब्द दिलाय एकीला. छत्रीवाल्यांना द्या, ते माझ्या आधीपासून थांबलेत."

तिकडे पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "काका, नक्की?"

"नक्की."

"एकदा काकूंना विचारता का?"

"बूट काकू शिवत नाही."

फोन ठेवला आणि मागे बघितलं तर ही दारात उभी. सगळं ऐकलेलं. आता तोंडाचा पट्टा सुरू होणार म्हणून तयार होऊन बसलो. ती भांडली नाही. खुंटीवरचा माझा सदरा घेतला, त्याचं तुटकं बटण बघितलं, तिथेच बसून लावलं आणि वर गेली.

भांडली असती तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बूट दिले. मास्तरीण दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, वळली, परत आली. खांदे एका रेषेत. ती गेल्यावर रस्त्यावरून जातानाही बघत राहिलो. कुणाला कळणार नाही. एवढंच माझं काम.

दारात थांबून म्हणाली, "काका, तुमच्या नाड्या का सोडल्यात?"

"हवा लागू दे म्हणून."

बघत राहिली माझ्या बुटांकडे. मास्तरिणींना दुसऱ्याच्या पायात बघायची सवय वाईट.

रात्री तिसरी पट्टी.

३ मार्च, सोमवार

छत्रीवाले बाकावर नव्हते. छत्री होती, खिडकीच्या आत, कोपऱ्यात उभी.

बाई माझा चेहरा बघून आधीच म्हणाली, "बरे आहेत. गुरुवारी तपासलं आणि घरी सोडलंच नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. काल चहा मागत होते. छत्री सांभाळा म्हणून निरोप पाठवलाय."

हे ऐकून इतकं बरं वाटलं की काय लिहू. हरली तिरडी. त्या जागेवर मी गेलो असतो तर?

हे बोलून दाखवलं तर बाईने आतल्या दुसऱ्या बाईला खिडकी बघायला सांगितली आणि चक्क बाहेर आली. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचे पाय दिसले. डावी टाच बाहेरच्या बाजूने पार झिजलेली. मी लगेच म्हटलं, "फोन डाव्या खांद्यात धरता, भार तिकडे जातो."

ती म्हणाली, "काका, तुम्ही माझी टाच बघताय, मी तुमची चाल बघतेय. दारापासून माझ्या खिडकीपर्यंत अठ्ठेचाळीस पावलं आहेत. पहिल्या दिवशी भांडायला आलात तेव्हा एका दमात आलात. आज तीनदा थांबलात, आणि दर वेळी भिंतीवरचा तोच तक्ता वाचल्यासारखं केलंत. तो बाळंतिणींसाठी आहे."

मी वळून तक्ता बघितला. खरंच बाळंतिणींचा होता.

"परवा फोन आधी तुम्हालाच का केला, ते सोडा. छत्रीवाल्यांना जागा गेली ते चांगलंच झालं. पण तुमची पाळी मला माझ्या डोळ्यांवर हलवता येत नाही. कागद लागतो. सिस्टरने वही दिली होती ना? ती केंद्रात दाखवा. त्यांचं पत्र आलं की मी दोन दिवसांत जागा काढते, माझ्यावर सोडा."

वही आहे म्हटलं. त्यात काय आहे ते नाही सांगितलं. रकाने सगळे कोरे आणि त्यांच्यावरून आडवा माझा बडबडाट. मिस्त्रीने खाल्लं, कापूस बसला, बाईने मान वर केली नाही. हे दाखवू सिस्टरला?

बावीस पायऱ्यांना चार मुक्काम झाले आज. लिहून टाकलं एकदाचं.

४ मार्च, मंगळवार

सकाळी दुकान उघडलं नाही. एक साधा कागद घेतला, रकाने आखले आणि मागच्या तारखा भरायला बसलो. ६ जानेवारी, वजन. काय माहीत. दम. थोडा. सूज. नाही. सगळीकडे 'थोडा' आणि 'नाही' लिहून झालं आणि कागद बघितला. या कागदावर कुणी मला जूनचीसुद्धा तारीख दिली नसती.

ही वरून खाली आली. "वहीच द्या त्यांना."

"त्यात खाजगी आहे. तुझ्याबद्दल पण आहे."

"माहितीय. शिवणकाम करते म्हणून कापसातलं कळतं, असं आहे."

"तू वाचतेस?"

"रोज. तुम्ही दुकानात आलात की. गादीखाली ठेवून लपते होय वही? गादी कोण झटकतं?"

मग तिने पोलक्यातून घडी घातलेली पानं काढली. चार. वहीच्या मागची. फुकटचा माल म्हणून मी ज्याला नावं ठेवली ती.

"तुम्ही आडवं लिहिलंत," म्हणाली, "मी उभं लिहिलं."

मुंगीएवढं अक्षर, पेन्सिलीने, प्रत्येक रकाना भरलेला. १७ जानेवारी, दम : अकराव्या पायरीला थांबले, कुंडी बघितली. २५ जानेवारी, सूज : फरम्याला एक पट्टी. ३ फेब्रुवारी, दम : बसथांब्यापासून दोनदा टेकले, खिडकीत खोटं बोलले. २० फेब्रुवारी, झोप : उशा तीन. सूज : पट्ट्या दोन. आणि मी जे लिहिलंच नव्हतं तेसुद्धा. १२ फेब्रुवारी, जेवताना मधेच हात थांबला. २२ फेब्रुवारी, सदरा घालताना बसले. २६ फेब्रुवारीला काही नव्हतं, नुसती रेघ.

वजनाचा रकाना कोरा. "काट्यावर उभे राहा म्हटलं असतं तर तुम्हाला कळलं असतं," म्हणाली.

पन्नास वर्षं मी माणसांच्या पायांची मापं घेतोय, पण मापं देणाऱ्याला कळू न देता माप घ्यायचं मला कधी जमलं नाही. कुठे खाडाखोड नाही, कुठे रडणं नाही. एका दिवसाची रेघ सोडली तर. तिला हे तोंडावर सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "पानं फाडायला नको होतीस. शिवण सैल होते वहीची."

"शिवून देईन," म्हणाली.

५ मार्च, बुधवार

केंद्रात गेलो. हिने पिशवी घेतली होती, मला वाटलं पाण्याची बाटली असेल.

सिस्टरने पानं वाचली. दोनदा वाचली. मग म्हणाली, "काकू, हे फरम्याला पट्टी म्हणजे काय?"

हिने पिशवीतून माझा फरमा काढला आणि तिच्या टेबलावर उभा केला. तीन पट्ट्या एकावर एक, माझ्याच खिळ्यांनी ठोकलेल्या. सिस्टरने टेप घेतला, पट्ट्यांवरून घेर मोजला, मग पट्ट्यांखाली मोजला. मग माझा पाय हातात घेतला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच. ओल्या कातड्यावर राहतो तसा.

"काका," म्हणाली, "कातडं आकसलं असं खरंच वाटलं तुम्हाला?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्या खळग्याकडे.

एकोणीस वर्षं वापरलेला बूट घट्ट होत नाही. हे मला कुणी शिकवायला नको. पंधरा-वीस दिवसांपूर्वी मीच एकीला सांगितलं. ठोकताना प्रत्येक पट्टीला मला माहीत होतं. हातांना माहीत होतं, मी विचारलं नाही त्यांना.

डॉक्टरने गोळ्या दिल्या, अंगातलं पाणी उतरायला. पत्र त्याच वेळी लिहिलं. सिस्टरने फोन लावला, पलीकडचा आवाज ओळखीचा होता. तिने विचारलं एवढंच : "आज कसे आले?"

ही म्हणाली, "सांगा, रिक्षाने आले. आणि खरं सांगताहेत."

तेरा मार्च, गुरुवार. दोन दिवस म्हणाली होती, दोन मिनिटांत काढलीन जागा.

१० मार्च, सोमवार

पाय उतरतायत. एक पट्टी काढली फरम्याची. दिवसभर पळापळ होते ती मात्र सांगण्यासारखी नाही. गोळीचा गुण आहे.

हिने रकाना भरला : पट्ट्या दोन. आता माझ्यासमोर बसून भरते. मी म्हटलं, इकडे दे, मी लिहितो. म्हणाली, "तुमचं अक्षर मावायचं नाही."

१३ मार्च, गुरुवार

साडेनऊची वेळ, आत बोलावलं दीडला. चार तास. मागच्या महिन्यात असं झालं असतं तर मी छत गदागदा हलवलं असतं. पण आमच्या आधी जी म्हातारी आत गेली ती चाळीस मिनिटांनी बाहेर आली आणि येताना डोळे पुसत हसत होती. अवघड पाय आला की मीही घड्याळ बघत नाही. बाहेरचे चिडतात. चिडू देत.

मोठे डॉक्टर म्हणजे माझ्या मुलाच्या वयाचे असते, मुलगा असता तर. पडद्यावर माझं काळीज दाखवलं. धडधडत होतं बिचारं. म्हणाले, "इथली झडप जाड झालीय. नीट उघडत नाही. नवी बसवायची."

"टाच बदलतात तशी?"

"जवळजवळ."

"टिकेल किती?"

"दहा-पंधरा वर्षं."

"मी लावलेल्या तळाला मी दोनच वर्षं सांगतो," म्हटलं. हसले. मग त्यांनी हिची पानं उचलली, एकेक रकाना वाचला आणि हिला विचारलं, "तुम्ही नर्स होतात का?"

ही लाजली. पन्नास वर्षांत तीनदा लाजलेली बघितलीय, ही तिसरी.

विचारलं, "चोवीस एप्रिलपर्यंत थांबलो असतो तर?" ते पानं नीट घडी घालून परत देत होते. घडी घालून झाली. उत्तराऐवजी कॅलेंडर पुढे ओढलं. मला कळलं.

ऑपरेशन एकवीसला. वीसला दाखल व्हायचं.

१८ मार्च, मंगळवार

दुकान आवरत होतो. ज्यांचे जोड तयार होते त्यांना निरोप पाठवले. टेबलावर एकही बूट ठेवला नाही. संध्याकाळी दारात कोण, तर खिडकीवाली बाई. हातात पिशवी, पिशवीत तिचे बूट.

"टाच बघतो म्हणाला होतात."

"म्हटलं नव्हतं. झिजलीय एवढंच म्हटलं होतं."

"मग बघा."

उलटे करून बघितले. उजवी बोटाच्या पेराएवढी, डावी कागदाएवढी. एवढ्या टाचेवर ही बाई दिवसभर अख्ख्या शहराला तोल देते. तिला म्हटलं, तुमच्यासारखं काम मी आयुष्यात दुसरं बघितलं नाही, एक आमच्या घरातलं सोडून. ही वरच्या जिन्यात होती. ऐकलं असेल.

तिने विचारलं, "कधी नेऊ?"

तासाभराचं काम. ती उभी असताना झालं असतं. मी बूट फळीवर ठेवले, मधोमध, रिकाम्या फळीवर तेवढेच, आणि म्हटलं, "चोवीस एप्रिल."

"अहो काका, एका टाचेला एवढी लांबची तारीख?"

"बाई," म्हटलं, "एप्रिलपर्यंत जगायचंय म्हणूनच दिलीय."

हसली. मग चष्मा काढून पुसायला लागली. मग पिशवीतून पेन्सिल काढलीन आणि हातावर लिहून घेतलंन. २४ एप्रिल. "वेळ?" म्हणाली.

"दहा. आणि उशीर करू नका, माझ्याकडे रांग असते."

१९ मार्च, बुधवार

फरम्यावर एकही पट्टी नाही. तपकिरी बूट पायात बरोबर बसतात, नाड्या बांधून. उद्या तेच घालून जाणार.

छत्रीवाले येऊन गेले. चालत. बावीस पायऱ्या. अकराव्या पायरीवर थांबून कुंडी बघितली म्हणाले, चांगली आहे. छत्री माझ्यासाठी ठेवून गेलेत, "आत लागेल, तिथे बाक कडक आहे, टेकायला बरी." परत आणून द्यायची अटही घातली.

हिने पिशवी भरली. वही वर ठेवलीय. मागची चार पानं पुन्हा शिवलीत, माझ्याच दोऱ्याने, असा टाका की कुठून फाटली होती ते मलाही शोधावं लागलं.

आता तू हे उद्या वाचणारच आहेस, मी आत असताना. घाबरलोय का, शोधत असशील. सूज, झोप, दम, सगळं विचारून झालं, तेवढा एक रकाना सिस्टरने आखला नाही आणि मी भरणार नाही. चोवीस एप्रिलला एका बाईची टाच द्यायचीय. त्यापुढे एक अक्षर लिहायचं नाहीये मला.